खिळ्यांच्या शेतातली चांदी

स्वॅनिंगहॅम गावात फिश अँड चिप्सचं एकच दुकान होतं आणि सगळं गाव त्याला ‘नेव्हिलचं दुकान’ म्हणायचं. माशांसाठी पीठ कालवायची रॉझ, मासे तळायची रॉझ, कुणाला व्हिनेगर जास्त लागतं नि कुणाला मीठ कमी हे तोंडपाठ असायचं तेही रॉझला. पण तिचा नवरा, नेव्हिल थर्टल, गल्ल्यावर उभा असायचा. त्याचा आवाज मोठा, विनोद त्याहून मोठे, म्हणून दुकान नेव्हिलचं. रॉझ त्यावर कधी काही बोलली नाही. तेल उकळत असताना बोलायला वेळ असतो कुणाला?

साठी उलटल्यावर त्यांनी दुकान विकलं. आता करायचं काय? नेव्हिल दोन-तीन आठवडे बागेत येरझाऱ्या घालत होता, मग एक दिवस म्हणाला, “मी धातू शोधायचा डिटेक्टर घेतो. शेतात जुनी नाणी शोधायला.”

“मग मीही घेते,” रॉझ म्हणाली.

“दोन कशाला? आळीपाळीने वापरू की.”

“आळीपाळीने म्हणजे तू आधी आणि माझी पाळी आली की पाऊस.”

असे घरात दोन डिटेक्टर आले. नेव्हिलने तालुक्यातल्या सगळ्यांना विचारून, वाचून, रात्रंदिवस डोकं खाऊन एक थोरलं मशीन आणलं. त्याची चकती भाकरीच्या परातीएवढी, पडद्यावर आकडे, आणि खोल जमिनीतलंही ऐकू येईल अशी ताकद. रॉझने दुकानात चार मशीनं नुसती हातात धरून झुलवून पाहिली, आणि ज्याने दंड भरून आला नाही ते उचललं. त्याची चकती बशीएवढी. पडदा असा नाहीच, सगळं कानावर: लोखंड असलं की गुरगुर, चांदी असली की किणकिण.

तेव्हापासून थर्टलांच्या घरात न्याहारीला टोस्टबरोबर हाच एक विषय.

“तुझं ते खेळणं वीतभराच्या खाली आंधळं आहे,” नेव्हिल म्हणायचा.

“आणि तुझा तो हत्ती दोन खिळ्यांच्या मधलं नाणं बघू शकत नाही. सगळं एकत्र ऐकतो नि म्हणतो, लोखंड. तुझ्यासारखंच. चार बायका बोलत असल्या की तुला एकीचंही ऐकू येत नाही.”

गावातही तट पडले. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष डेरेक लारवूड, जो चर्चचे ऑर्गन दुरुस्त करायचा, शेवटी कंटाळला. “हे तोंडाने नको,” तो म्हणाला. “रविवारी शेतावर या. सगळी मशीनं एकाच जागेवरून फिरवू. आवाज आला की झेंडी लावायची. आधी प्रत्येकाने आपलं मशीन काय म्हणतं ते सांगायचं, खणायचं नंतर. म्हणजे कळेल कोण खरं बोलतं.”

जागा त्याने मुद्दाम अवघड निवडली. ऑब्री गोल्डस्पिंक या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं ओढ्याकडचं शेत. तिथे कधीकाळी मोठी कोठारं होती, ती जळाली, आणि त्यांचे खिळे सगळ्या शेतभर विखुरले. लोक त्याला खिळ्यांचं शेतच म्हणायचे. कुणी डिटेक्टर घेऊन तिकडे फिरकत नसे. पाऊल टाकलं की नुसती गुरगुर.

सप्टेंबर होता. बार्लीची कापणी उरकली होती, नांगर अजून फिरला नव्हता, बुटांखाली धसकटं करकरत होती. दहाबारा जण जमले. थर्मासमधला चहा, पोर्कच्या पाई, चीज आणि लोणच्याची सँडविचं, अशी सगळी तयारी घेऊन लोक आले होते, जसं काही गावची क्रिकेटची मॅच आहे.

पहिल्या काही झेंड्या नेव्हिलने जिंकल्या. खोलवर दडलेली शिशाची गोळी त्याच्या मशीनने सांगितली, रॉझच्या मशीनला पत्ताच नाही. मग राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक जाड पेनी, तीही कोपरभर खाली. रॉझचं मशीन गप्प.

“काय गं, झोपलंय का ते?” नेव्हिल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “चहा दे त्याला थोडा.”

लोक हसले. रॉझही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हॉथॉर्नच्या कुंपणापाशी, जिथे खिळे सगळ्यांत दाट होते, तिथे ती मुंगीच्या पावलांनी चकती फिरवू लागली. गुरगुर, गुरगुर, गुरगुर. आणि मधेच, सुईच्या टोकाएवढी, किण.

ती थांबली. पुन्हा फिरवलं. किण.

“झेंडी,” ती म्हणाली.

डेरेकने आपलं मशीन फिरवलं. “खिळा.”

आणखी एकाने फिरवलं. “खिळा.”

नेव्हिलने पडद्यावर नजर टाकली आणि मान हलवली. “खिळाच आहे, रॉझ. गंजलेला जुना खिळा कधीकधी चांदीचा आवाज काढतो. अशा आवाजाला स्वस्तातलं मशीन भुलतं.”

“भुलतो तो घाईचा माणूस,” रॉझ म्हणाली. ती चालत बाजूला गेली आणि आता कुंपणाच्या अंगाने, आडव्या दिशेने चकती फिरवली. खिळा असता तर एका बाजूने किणकिणला असता आणि दुसऱ्या बाजूने त्याचा आवाज फाटला असता. हा आवाज दोन्हीकडून सारखाच, स्वच्छ आला. ती गुडघ्यांवर बसली, फावड्याने मातीचं ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं. दोन वाकडे खिळे निघाले. कुणीतरी मागे खाकरलं. मग तिसऱ्यांदा माती चुरगळताना तिच्या अंगठ्याला काहीतरी पातळ, थंड लागलं. माशाच्या खवल्यासारखं.

चांदीचं नाणं होतं. एका बाजूला वेड्यावाकड्या केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला क्रूस.

डेरेकने डोक्यावरची टोपी काढली. “आठशे वर्षं तरी झाली याला,” तो हळूच म्हणाला.

“खिळा म्हणे,” रॉझ म्हणाली.

चार हातांच्या अंतरात तिला आणखी एक सापडलं, मग अजून एक. सगळी वरच्या मातीत, नांगराने उधळल्यासारखी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उधळली, म्हणजे कुठून तरी उधळली ना? तिचं मशीन खाली ऐकू शकत नव्हतं, हे ती जाणून होती. तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

“नेव्हिल, तुझा हत्ती आण इकडे.”

“इथे नुसतं लोखंड आहे. त्याला काही...”

“तू लोखंड गाळायचं बटण दाबून ठेवलंयस. ते बंद कर. सगळं ऐकू दे त्याला. वरचे खिळे मी वेचते.”

नेव्हिलने बटण बंद केलं. रॉझने एकेक खिळा काढून बादलीत टाकला. मग त्याने परातीएवढी चकती खड्ड्यावर धरली, आणि मशीनमधून असा एक रुंद, जाड आवाज आला की त्याने एकदम कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

“रॉझ,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. “हे खाली कायतरी मोठं आहे गं.”

दोघं शेजारी शेजारी बसून हातांनी माती सारू लागली. कोपरभर खाली राखाडी मडक्याची फुटकी कड दिसली, आणि आत एकावर एक, घट्ट चिकटलेल्या काळपट चकत्या.

आता मात्र सगळ्यांचा धीर सुटला. “काढ! काढ बाहेर!” “बादली आणा!” नेव्हिलने तर मडक्याच्या कडेला फावडं लावलंसुद्धा. रॉझने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब.”

“अगं, एक झटका दिला की...”

“झटका दिलास तर बाहेर येतील नुसती नाणी. आत काय कसं ठेवलंय, खाली काय आहे, ते सगळं एका झटक्यात गेलं. कुणीतरी हे हाताने रचलंय, नेव्हिल. नॉरिचच्या संग्रहालयात फोन कर. त्या पुरातत्त्वाच्या बाईंना बोलाव.”

“आज रविवार आहे! त्या उद्या येतील. तोवर पाऊस आला, चोर आला तर?”

“तर मी इथेच बसते.”

आणि तिने खिळ्यांची बादली रिकामी केली, उपडी घातली आणि तिच्यावर बसली. तळणीपुढे तीस वर्षं उभी राहिलेली बाई ती. तिला उठवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. नेव्हिल थोडा वेळ धुसफुसला, मग आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला आणि फोन लावायला गेला.

ऑब्री गोल्डस्पिंक ट्रॅक्टर घेऊन आला. तो खड्ड्यात डोकावला. “माझ्या आज्याने या शेताला जन्मभर शिव्या दिल्या,” तो म्हणाला. “नांगराचे फाळ मोडायचे म्हणून. आणि हे इथंच होतं?” त्याने ट्रॅक्टर खड्ड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला लावला आणि सॉसेज रोल काढून अर्धा रॉझला दिला.

इमोजेन फिशविक, जिल्ह्याची पुरातत्त्व अधिकारी, त्याच संध्याकाळी भाचीच्या वाढदिवसावरून थेट आली, केसांत अजून रंगीत कागदाचे तुकडे. तिने मडकं पाहिलं आणि चिखलातच मांडी घातली.

“हात नाही लावला तुम्ही?”

“कड दिसली तिथेच थांबलो,” रॉझ म्हणाली.

“मिसेस थर्टल,” इमोजेन म्हणाली, “मी बहुतेक वेळा पिशवीत भरलेली नाणी बघते. मडकं कुठे, तर फुटलं. खड्डा कुठे, तर बुजवला. असं जागेवर बसलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय.” आणि तिने रॉझचा मातकट हात दोन्ही हातांत घेतला.

रॉझची पाठ ताठ झाली.

इमोजेनच्या माणसांनी मडक्याभोवतीची माती मोकळी केली, त्याला ओल्या पट्ट्यांनी गुंडाळलं आणि मातीसकट अख्खं उचललं. ते गाडीत चढलं तेव्हा अर्धं गाव कुंपणापाशी उभं होतं. बातमीदारही आला होता, कोवळा, नव्या बुटांचा. तो सरळ नेव्हिलकडे गेला. जाणारच. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

“मिस्टर थर्टल, खजिना सापडला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“हां, म्हणजे असं झालं,” नेव्हिलने छाती फुगवून सुरुवात केली, “माझं मशीन खोल ऐकतं ना, तर मी...”

रॉझ हात पुसत पुढे आली. ती मोठ्याने बोलली नाही, पण आजूबाजूची माणसं गप्प झाली.

“पहिलं नाणं मला सापडलं,” ती म्हणाली. “माझ्या मशीनने. मडक्यावर याचं मशीन मी बोलावलं. आणि ते उचलू दिलं नाही तेही मीच. नाव लिहा, रोझलिंड थर्टल. स्पेलिंग सांगते.”

बातमीदार गोंधळून नेव्हिलकडे पाहू लागला. डेरेक बुटांकडे बघत होता. नेव्हिलची मान, गाल, कान, सगळं लाल झालं. रॉझने मनाशी धरलंच होतं की आता हा काहीतरी विनोद करणार आणि सगळे हसणार.

“लिही,” नेव्हिल म्हणाला. “अगदी तसंच लिही. आणि हेही लिही की नवरा म्हणाला होता, खिळा आहे. ठासून म्हणाला होता.” मग त्याने घसा साफ केला. “मी फावडं लावलं होतं मडक्याला. हिने हात धरला म्हणून वाचलं. ते नाही लिहिलंस तरी चालेल. नाही, लिही. लिहूनच टाक.”

कुंपणापाशी ऑब्रीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

ख्रिसमसच्या आधी नॉरिचहून बोलावणं आलं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, दिव्याखाली, एक शांत तरुण चिमट्याने मडक्यातली नाणी थराथराने सोडवत होता. रॉझ आणि नेव्हिलला त्याने स्टुलं दिली. “हे पाहा,” तो म्हणाला. नाण्यांच्या मधे तपकिरी, कुजकं काहीतरी होतं. “लोकर. नाणी कापडात गुंडाळून, वळकट्या करून ठेवली होती. मडकं हिसकून काढलं असतं तर याची धूळ झाली असती, आम्हाला कधी कळलंच नसतं.”

सर्वांत खालच्या वळकटीत एक अंगठी निघाली. साधी, चांदीची, नक्षी नसलेली, आणि इतकी लहान की पुरुषाच्या करंगळीतही गेली नसती.

“बाईची?” रॉझने विचारलं.

“नक्की सांगता येत नाही,” तरुण म्हणाला. “पण मला तसं वाटतं खरं.”

त्याने हातमोजे दिले. रॉझने अंगठी तळहातावर घेतली. तिला वजन असं नव्हतंच. कुणीतरी पीठ मळता मळता, पाणी भरता भरता ही बोटात घातली असेल, आणि कसल्याशा भीतीने काढून सगळ्यांच्या तळाशी ठेवली असेल. परत येईन म्हणून. ती आली नाही. तिच्यानंतर ही अंगठी तळहातावर घेणारी पहिली बाई आपणच, तिच्यासारखीच. रॉझचे डोळे भरून आले आणि ती हसलीही, दोन्ही एकदम.

तिने अंगठी परत दिली, हातमोजे नीट घडी करून ठेवले आणि बाहेर आली. नेव्हिल आधीच दरवाज्यापाशी पोचला होता आणि तिथल्या पहारेकऱ्याला गाठून उभा होता. त्या बिचाऱ्याला जेवायला जायचं होतं.

“आतलं ते मडकं आहे ना,” नेव्हिल सांगत होता, मोठ्या आवाजात, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असा, “ते हिनं शोधलं. ही बघा, ही. माझी बायको.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी रॉझने त्याला कोपर मारून गप्प केलं असतं. आज ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कोटाची बटणं लावली, आणि त्याचं सगळं बोलून होईपर्यंत थांबली.