बिनअंड्याचं वाफेल

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या दोन खोल्यांत कांदा जरी चिरायचा तरी सुंदराबाईला विचारून. नवरा गेल्यापासून घर तिच्या शब्दावर चालायचं, आणि खरं बोलायचं तर तो होता तेव्हाही तसंच चालायचं. घर महानुभाव पंथाचं. येणाऱ्यानं आधी दंडवत घालायचा, आणि अंड्याचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचं.

मुलगा चेतन कडोदऱ्याच्या कारखान्यात विणकामाच्या जर्मन मशिनांवर फिटर होता. प्लेगच्या साथीनंतर सुरत पुन्हा भरलं, त्या वर्षी शेठनं त्याला काम शिकायला वर्षभर जर्मनीला धाडलं. निघताना आईनं स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली होती: मांस नाही, मच्छी नाही, अंडं नाही. तो परत आल्याला दोन वर्षं होत आली. आता शेठ पुन्हा पाठवायचं म्हणत होता. या खेपेला बायको जयश्रीला घेऊन, तीन वर्षांसाठी. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. चेतन म्हणाला होता, "आई हो म्हणाली तरच." आई आठवडाभर त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

शनिवारी पार्सल आलं. चेतन ज्या म्हातारीच्या घरी भाड्यानं राहिला होता, तिनं पाठवलेलं. आत वाफेल, म्हणजे तिकडची गोड जाड पोळी, भाजायचा बिडाचा जड साचा निघाला. लांब दांड्यांची दोन पाती, आणि पात्यांत टोकाला टोक लावून कोरलेले, पत्त्यांतल्यासारखे पाच बदाम. सोबत एक कागद. चेतनच्या आईला सहीपलीकडे लिहिता-वाचता येत नाही हे म्हातारीला ठाऊक असणार, कारण तिनं सगळी कृती चित्रांनी काढली होती. मैद्याची पिशवी, दुधाची बाटली, लोण्याचा ठोकळा, साखर. आणि चार लांबट गोळे, त्यातला एक फुटलेला.

सुंदराबाई चिडली की तिच्या तोंडी अहिराणी यायची. गोळ्यांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हाई काय शे?"

"बटाटा," चेतन साच्याकडे बघत म्हणाला.

"चार बटाटा?"

"हा, माय."

"आन हाऊ फुटेल शे, त्याना पोटमा सूर्य दिखस. जर्मनीना बटाटामा सूर्य ऱ्हास का रे भो?"

जयश्रीनं पदर तोंडात कोंबला. चेतनची मान खाली गेली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून दोघं वाट बघत राहिली, पण सुंदराबाईनं कागदाची घडी केली आणि भाजी निवडायला बसली. ते जास्त भीतीदायक होतं.

रविवारी दुपारी तिनं स्वतःच परात घेतली. अंड्यांच्या जागी घट्ट दही घातलं आणि चिमूटभर खायचा सोडा. "ढोकळा फुगतो तो काय कोंबडीच्या जिवावर?" ती जयश्रीला म्हणाली. पीठ मुरेपर्यंत ती नुसती बसून राहिली. शपथ मोडल्याच्या पापाचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. ते ज्याचं त्यानं देवासमोर मांडावं. सलत होतं ते वेगळंच. वर्षभर दर पत्रात यानं लिहिलं होतं, जेवण बरं आहे. शेजारची इंदुबाई ती पत्रं वाचून दाखवायची आणि सुंदराबाई गल्लीभर सांगत फिरायची.

शेगडीवर साचा तापला. तिनं तूप लावलं, पीठ ओतलं, पाती मिटली आणि मागे न बघता विचारलं, "पहिल्यांदा कधी खाल्लंस?"

"बाराव्या दिवशी."

"आणि अकरा दिवस?"

"ब्रेड. चहा. कधी सफरचंद. तिच्या घरी सगळ्यात मांस, नाहीतर मांसाचं पाणी. मी रोज सांगायचो, पोट भरलंय. बाराव्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन पडलो. तिनं एक शब्द विचारला नाही. हे करून समोर ठेवलं. आत काय आहे ते मला माहीत होतं, आई. ती अंडी फेटताना मी बघितलं होतं."

साचा उघडला तर वाफेल अर्धं वरच्या पात्याला, अर्धं खालच्या. तिनं ते खरवडलं, पुन्हा तूप लावलं. दुसरं पांढरटच निघालं. तिसरं मात्र पाचही बदाम शाबूत घेऊन तांबूस सुटलं. तिनं वर पिठीसाखर भुरभुरली आणि ताटली सरकवली.

"छान झालंय," चेतन पहिल्या घासाला म्हणाला.

"छान राहू दे. तिचं चांगलं का माझं?"

जयश्रीनं सासूच्या पाठीमागून डोळे मोठे केले. चेतन बराच वेळ चावत राहिला.

"तिचं."

"का?"

"तिचं हलकं होतं. हे चिवट लागतं."

सुंदराबाईच्या हातचं कमी आहे असं तिच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं चौतीस वर्षं ताट पुसून उठताना एकच सांगितलं, छान. पोरानं छान, सुनेनं छान. त्यातले खरे किती असतील? पोर परमुलखात उपाशी मरायला टेकलं, तरी आईला कळवायची त्याची छाती झाली नाही. अशी कसली आपली जरब?

तिनं एक बदाम तोडला, तोंडात टाकला.

"चिवटच आहे," ती म्हणाली. "शेठला उद्या हो सांग. दोघंही जा."

"आई, तू इथं एकटी..."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि तिथं जे मिळेल ते खा. शपथ मी सोडवली. फक्त उपाशी असलास तर उपाशी आहे असं लिही. तेवढं ऐकायची ताकद आहे माझ्यात."

चेतननं वाकून दंडवत घातला. तिनं त्याला हातानंच बाजूला सारलं, कारण सुनेचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तू गं, जयश्री? कालची आमटी कशी होती?"

"छा..." जयश्री अडखळली. "खारट होती, आत्याबाई."

"मग दोनदा का वाढून घेतलीस?"

"तुम्ही बघत होता ना."