माझ्यातले दोन इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. पिवळ्या मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा, आणि लांबी साठ इंच. निदान माझ्या अंगावर तरी साठ असं छापलेलं आहे. त्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. इतरांनी ठेवला, आणि त्याचं काय झालं तेच सांगायला मी आज बसले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अगदी खरी होते. माझा इंच म्हणजे इंच, केसभर कमी नाही की जास्त नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं, गळ्यात घातलं आणि पुढची एकतीस वर्षं मी त्याच गळ्यात राहिले. नंतर सगळं गाव तिला आजी म्हणू लागलं, म्हणून मीही आजीच म्हणते.

आजी कोट शिवायची. गल्लीच्या तोंडाशी लहानशी खोली, तिच्यात एक पायमशीन, एक लांब टेबल आणि उभा आरसा. शाळा तिने तिसरीतच सोडली होती. पण पहिल्या नोकरीचा कोट शिवावा तर आजीनेच, असं तिचं नाव होतं. मुलाखतीला निघालेली मुलंमुली आरशासमोर उभी राहायची आणि मी छातीभोवती आले की हमखास पोट आत ओढून श्वास रोखायची.

"सोड तो श्वास!" आजी खेकसायची. "नोकरी लागल्यावर रोज आठ तास असाच फुगून बसणार आहेस का? ज्या कोटात धड श्वास घेता येत नाही, त्या कोटातली नोकरी करायची नाही. सोड म्हणते ना!"

नोकरीबद्दलचा सल्ला तिने आयुष्यभर एवढाच दिला, आणि तोही फुकट.

रोज ताणली जाऊन मी हळूहळू लांबत गेले. एकदा गरम इस्त्रीखालीही सापडले. मला सगळं कळत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. मग एक दिवस बटणं विकणारा आला आणि बटणांबरोबर एक कोरी टेप भेट देऊन गेला. आजीने ती सहज माझ्याशेजारी टेबलावर पसरली. नवी टेप संपली, तरी मी आणखी दोन इंच पुढे उरलेच होते.

आजीने दोन्ही टेपांची टोकं जुळवून पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने नवी टेप गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आजकालच्या टेपासुद्धा आखडूनच येतात," ती आरशाला म्हणाली.

चूक कबूल करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. त्याऐवजी तिने दुकानाला एक नियम घातला. जिने अंग मोजलं, तिनेच कापड बेतायचं. दुसरी टेप उंबऱ्याच्या आत यायची नाही. नियम पक्का होता, मित्रांनो. चाळीस इंचांची छाती माझ्यावर एकोणचाळीसच्याही खाली वाचली जायची. पण तोच आकडा माझ्यावर धरून कापड कापलं की ते पुन्हा बरोबर चाळीस भरायचं. माझी चूक मीच निस्तरत होते. वर आजी शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायची. शिवणकामात त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला तर कोट उसवून सैल करता यावा, म्हणून ती ठेवायची.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. आरसा धुळीने आंधळा झाला आणि मी खिळ्यावर लटकले. आता आपलं आयुष्य इथेच संपणार, असं मला वाटलं. संपलं असतं तर बरं झालं असतं.

आजीची नात एका कार्यालयात चांगल्या नोकरीत होती. फोनवर ती एका सल्लागाराची भाषणं ऐकायची. नोकरी सोडा, स्वतःची कंपनी काढा, हेच दिवस आहेत, असं तो लाखो लोकांना सांगायचा. नातीने खरंच नोकरी सोडली आणि एक दिवस त्या सल्लागारालाच दुकानात घेऊन आली. सोबत तिचा भागीदार होता. संगणकातला हुशार पोरगा, जाड चष्म्याचा. आजीने बघताक्षणी त्याचं नाव चष्मिस ठेवलं.

"आजी, तुमची नात काठावर उभी होती," सल्लागार म्हणाला. "मी तिला उडी मारायला शिकवलं."

"आणि तुम्ही कधी मारणार?"

"मी मार्ग दाखवतो."

"म्हणजे काठावरूनच," आजी म्हणाली.

चष्मिसने बेत समजावला. सहाशे माणसांची मापं टेपेने घ्यायची, त्यांचेच फोटो काढायचे आणि दोन्ही संगणकाला शिकवायचं. मग नुसत्या फोटोवरून फोन कुणाचंही माप सांगेल. कंपनीचं नाव 'आजीचं माप'. साहजिकच टेपही आजीचीच हवी. मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, आणि सहाशे छात्यांभोवती, कमरांभोवती गुंडाळलं. माझी छाती अभिमानाने फुलली. पण एवढ्या माणसांचं माप मी एकाच चुकीने घेत होते.

"बये, हिने मोजशील तर हिनेच बेत," आजी नातीला म्हणाली. "तेवढं पाळ."

"का गं?"

आजीने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सल्लागार कॅमेरा रोखून म्हणाला, "बघा मंडळी, एकतीस वर्षांत एकही माप न चुकलेली आजी!" आजीने तोंड मिटलं आणि पदर सावरला.

नातीला आजीचं ते मोजण्या-बेतण्याचं वाक्य फार आवडलं. महिन्याभरात ते नव्या कार्यालयाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत झळकलं: 'जिने मोजलं, तिनेच बेतलं.' त्याखाली मला काचेच्या चौकटीत लावलं. आणि कोट मात्र दूरच्या कारखान्यात यंत्रं बेतू लागली. त्यांचा इंच खरा होता.

पहिले कोट लोकांनी घातले, फोटो काढले, आणि फोटोत ते घट्ट कोट देखणे दिसले. मागणी वाढत गेली. मग एकेक तक्रार येऊ लागली. काखेत काचतो. बटण लावून बसता येत नाही.

"फोटो काढताना वाकडे उभे राहतात लोक," चष्मिस म्हणायचा. "यंत्र कसं चुकेल?"

त्यांनी फोनवर एक सूचना घातली. ताठ उभे राहा, पोट आत घ्या. काचेमागून मी ती वाचली. एकतीस वर्षं आजीने लोकांना श्वास सोडायला सांगितलं होतं. आता माझ्याच नावाने त्यांना तो रोखायला सांगत होते.

मग एका महाविद्यालयाची मागणी आली. शेवटच्या वर्षाच्या तीनशे मुलांचे मुलाखतीचे कोट. हे काम पार पडलं तर कंपनी तरणार, नाही तर नातीला पुन्हा नोकरीच्या रांगेत उभं राहावं लागणार. कोट रवाना झाले त्या दुपारी कौतुक बघायला आजी पहिल्यांदाच कार्यालयात आली. नमुन्याचा एक कोट टेबलावर होता. तिने त्याची छाती वितीने मोजली, मग आतली शिवण उलटून पाहिली.

"माया कुठाय?"

"संगणक कापड वाया घालवत नाही, आजी," चष्मिस म्हणाला.

"आणि बेतलं कशाने?"

"कारखान्यात, यंत्राने."

आजीने तो कोट टेबलावर टाकला. मग चौकट खिळ्यावरून काढली आणि मला बाहेर ओढलं. टेबलावरची लोखंडी पट्टी तिने माझ्याशेजारी ठेवली आणि एकेक फूट पुढे सरकवत नेली. पाचव्या फुटाशी पट्टी साठ झाली, तेव्हा माझ्यावर जेमतेम अठ्ठावन्न आले होते.

नातीने दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "आजी, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. भिंतीवर लिहिलंयस की तू." मग ती जे बोलली, तसं तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. "का, ते नाही सांगितलं. लाज वाटली. माझं माप खोटं आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

नातीने महाविद्यालयाला फोन केला. कोट वाटून झाले होते. मुलाखती दुसऱ्याच दिवशी होत्या. आजीने मला गळ्यात घातलं, कात्री घेतली आणि सकाळी दोघी तिथे पोचल्या. पण उसवून सैल करायला आत कापडच नव्हतं. मोठ्या दालनात तीनशे मुलं ओळीने ताठ बसली होती, बटणं लावलेली, पोटं आत ओढलेली. एक मुलगी हात मिळवायला उठली आणि तिची काख उसवल्याचा आवाज दालनभर गेला. त्यानंतर कुणी हललं नाही.

"सोडा रे श्वास," आजी दाराशी उभी राहून पुटपुटली. कुणालाही सोडता येत नव्हता.

चष्मिसने एक आकडा बदलून संगणकातली चूक त्याच दिवशी सुधारली. पण खरी भीती त्याने खाली मान घालून नंतर सांगितली. ती सहाशे मापं त्यांनी अकरा कंपन्यांना विकली होती. कुणी गणवेश शिवणारे, कुणी खुर्च्या करणारे. एक कंपनी उंच इमारतींवर लटकून काम करणाऱ्या माणसांचे कमरेचे पट्टे बनवते. पट्टा पोचत नाही म्हणून कुणी शेवटचं बक्कल न लावताच वर चढलं, तर?

मित्रांनो, मी जुनी झाले यात माझा गुन्हा नाही. जुन्या वस्तू झिजतात, ताणतात. आमची काळजी घ्यायची म्हणजे काचेत लावून आमच्याखाली गोड वाक्यं लिहायची नाहीत. आम्हाला खाली काढा आणि खऱ्या पट्टीशेजारी ठेवून बघा. घरातल्या म्हाताऱ्यांनाही 'का' म्हणून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत समोरून हलू नका.

मी आता पुन्हा आजीच्या गळ्यात आहे. भिंतीवरची अक्षरं नातीने स्वतः खरवडून काढली. तिने अकराही कंपन्यांना पत्रं लिहिली, चूक कबूल केली. दहा जणांची उत्तरं आली.

पट्टेवाल्यांचं अजून आलेलं नाही.