खालची अक्षरं

पहिलेच सांगून ठेवते, मी काही राक्षसीण नाई. पण माही ननंद करुणा लग्न करून जाणार, हे मले पाहवत नोतं. आंधळगावात तिच्यासारखी कोशाच्या रेशमी साडीची किनार विणणारं दुसरं कोणी नाई. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले, म्हणून मागाच्या खटखटीनं तिचं डोकं दुखत नाई. दिवसभर बसते. ती गेली तं माग कोण चालवन? मी? माही कंबर दोन तासांत धरते.

तिच्या मोबाइलात एक ॲप आहे. व्हिडिओ लावला का खाली अक्षरं येतात, आन तेच चित्र घरच्या टीव्हीवर पाठवता येते. सिनेम्यायची अक्षरं मिळतात, पण घरच्या व्हिडिओले कोण देईल? मीच. कोणत्या सेकंदाले कोण काय बोललं, ते टाइप करून जोडून द्याचं. पाच वर्षं इमानदारीनं केलं, खोटं नाई सांगत.

साक्षगंध झालं आन चौथ्या दिवशी होणाऱ्या नवऱ्याचा व्हिडिओ आला. धनंजय गोसीखुर्द धरणाकडचा, मासेमारी करते. त्याले लिहिता येत नाई, हिले ऐकू येत नाई. करुणा मागावरून पळत आली. "वयनी, लवकर लिहून दे ना व!"

मी चुलीजवळ बसून ऐकला. तो हासून बोलत होता, "करुणा, तुले ऐकू येत नाई तं मी इशारे शिकून राहिलो. ओसरी वाढवून राहिलो, तुहा माग तिथं बसवू." बोलता बोलता त्यानं कानाले हात लावला. मायबाई, माहा जीव असा जळला! माह्या नवऱ्यानं, टेकचंदनं, पंधरा वर्षांत माह्यासाठी साधी खुंटी नाई ठोकली भिंतीत.

मंग मी लिहिलं: "माह्या मायले बहिरी सून नाई पायजे. मलेही नाई पायजे. तूच नकार दे." 'बहिरी' हा शब्द बरोबर त्याच्या कानाच्या हातावर बसवला. कामात मी चोख आहे.

तिनं तीन वेळा पाहिलं. "हासून बोलते कसा, वयनी!" येवढंच म्हणाली. साक्षगंधाची साडी तिनं त्याच दिवशी परत पाठवली. कारण कोणालेच सांगितलं नाई.

दोन महिन्यांनी त्याची मावशी रत्नाबाई आली. अंगणवाडीत शिकवते, बोलायले फटकळ. टेकचंदले म्हणाली, "भाऊ, पोट्टा लय रडला जी. आता परवा दुसरीकडं साक्षगंध झालं त्याचं. पण तुमच्या बहिणीनं नाई काहून म्हटलं, येवढं तं सांगा."

करुणाले घरच्यायचेच ओठ वाचता येतात. पण धनंजयच्या मावशीले पाहून तिचं डोकं फिरलं. तिनं मोबाइल घेतला आन तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. "वाचा! तुमच्या पोराचे शब्द वाचा!"

मी टीव्ही बंद कराले उठली, पण व्हिडिओ सुरू झाला होता. टीव्हीतून धनंजय सांगत होता, ओसरी वाढवून राहिलो. खाली अक्षरं येत होती, बहिरी सून नाई पायजे. रत्नाबाईनं वाचलं, ऐकलं, मंग माह्याकडं पाहिलं. टेकचंदनंही पाहिलं.

रत्नाबाईनं तोंडावर पदर घेतला. "सांगू का इले?"

टेकचंद करुणाकडं पाठ करून बोलला, "त्याचं जमलं ना आता? सांगून काय होणार? पोरगी जीव देईल. राहू द्या जी."

 रत्नाबाईनं खाली मान घालून चपला घातल्या आन निंगून गेली. टेकचंदनं टीव्ही बंद केला. मंग तो मागच्या दारानं बाहेर गेला.

करुणा माह्याजवळ आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. "पाहिलं ना वयनी? लाजेनं मान वर नाई झाली तिची." तिनं माहे दोन्ही हात धरले. "तू नसतीस तं मी त्या घरात जाऊन पडली असती."

मंग ती मागावर जाऊन बसली.