आखाजीचा दोर

"बसस्टँडवरच बसायचं ना मग," काउंटरमागची मुलगी कप पुसता पुसता पुटपुटली. हळूच म्हणाली खरं, पण सुनिता तिच्यापासून दोन हातांवर उभी होती.

त्या पोरीचं तरी काय चुकलं? दोन पिशव्या, एक बॅग, कडेवर तीन वर्षांचा बबलू आणि पदराला लटकलेली सहा वर्षांची रोशनी. पहाटे पिंपळनेरहून निघून, धुळ्याला बस बदलून जळगावात उतरलेली बाई कॉफी प्यायला आलेली दिसत नाही. ती कॉफीला आलीही नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला आणि झोक्याला, माहेरी आली होती. दरवर्षी धाकटा भाऊ हितेंद्र घ्यायला यायचा. यंदा त्याचा फोन आला, "अक्का, दुकानात गडबड आहे, तूच ये. स्टँडसमोर नवीन कॉफी शॉप झालंय, तिथं थांब." तिला वाटलं, आधी पोरांची मौज, मग घर.

गुबगुबीत सोफा रिझर्व्ह होता म्हणे. शेवटपर्यंत त्यावर कुणी बसलं नाही. यांना संडासाच्या दाराजवळचं टेबल मिळालं. बबलूनं साखरेच्या पुड्यांना हात लावला, तर मुलगी येऊन अख्खी बरणीच उचलून घेऊन गेली.

हितेंद्र आला तो बायकोला, डिंपलला घेऊन. त्यानं आधी बहिणीकडे नाही, सामानाकडे पाहिलं.

"एवढं काय आणलंस अक्का?"

"चार दिवस राहायचं तर लागणारच. डिंपल, तुला तळायला बिबडे आणलेत, यंदा ज्वारी चांगली निघाली. आणि हे बघ." तिनं पिशवीतून नव्या दोराचं वेटोळं काढलं. "मागच्या आखाजीला म्हणालास ना, झोक्याचा दोर कुजला? तुझ्या दाजींनी स्वतः वळलाय."

वेटोळं सुटून फरशीवर पसरलं. "काकू, ते उचला, कुणी पडेल," काउंटरवरून आवाज आला.

रोशनीनं दोर गोळा करून गळ्यात घातला. "मामा, झोका कोठे शे?"

"इथं मराठीत बोलायचं, बेटा," हितेंद्र हळूच म्हणाला.

सुनिता त्याच्याकडे बघतच राहिली. लहानपणी गुडघा फुटला की हा हिच्याच कुशीत शिरायचा आणि रडायचासुद्धा अहिराणीत.

कॉफी आली. फेसावर पान काढलेलं. बबलूला ते खरं वाटलं, त्यानं उचलायला बोट घातलं आणि कप आडवा झाला. मुलगी फडकं घेऊन आली, तोंड वाकडं करून पुसायला लागली.

"सॉरी हं," हितेंद्र तिला म्हणाला, "गावाकडची माणसं आहेत."

माझी बहीण आहे, एवढं म्हणाला असता तर काय जीभ झडली असती? सुनितानं बबलूचं बोट पदरानं पुसलं. फार वेळ पुसलं.

मग उन्हाबद्दल बोलणं झालं. आंब्यांबद्दल झालं. डिंपलच्या मानदुखीबद्दल तर दोनदा झालं. घराबद्दल कुणी बोलेना. दिवाळीत याच हितेंद्रनं तिला गाडी करून आणलं होतं. आईच्या माघारी घरातला आपला वाटा सोडत असल्याच्या कागदावर तिनं सही केली, त्या दिवशी यानं स्वतः तिच्या पोळीवर तूप वाढलं होतं. "कागदाचं काय अक्का, घर तुझंच," म्हणाला होता. पिंपळनेरला जाऊन तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, माझा भाऊ कसा आहे ते.

हितेंद्रनं खुर्चीखालून एक पिशवी पुढं सरकवली. "तुला साडी, पोरांना कपडे. आणि साडेचारला धुळ्याची बस आहे. मी विचारून ठेवलंय."

"आज?"

"घरात रंगकाम चाललंय ना," डिंपल म्हणाली.

"पाण्याची लाइन फुटलीये," त्याच क्षणी हितेंद्र म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही कपात पाहिलं.

"आई, झोका नाही का?" रोशनीनं विचारलं.

सुनितानं तिच्या गळ्यातला दोर काढला. कोपर ते पंजा, कोपर ते पंजा, असा नीट गुंडाळला. शेवटचं टोक आत खोचलं आणि दोर साडीच्या पिशवीवर ठेवून ते सगळं भावाकडे सरकवलं.

"सहीच्या वेळी मात्र घरी बोलावलं होतंस, हितेंद्र."