दुसरी पंगत नाही

वनमालाबाईंच्या थोरल्या लेकीचं, नलिनीचं लग्न झालं ते १९८१ साल. त्या लग्नासाठी मुलुंडच्या आमच्या चाळीने वर्गणी काढून मला आणलं. मित्रांनो, मी एक जुना पितळी टोप आहे. येतानाच हातगाडीवरून पडलो आणि कुशीला पोचा आला.

चाळीतले दादू आचारी मालवणकडचे. त्या पोच्यापर्यंत आमटी शिजवली की चारशे पानं जेवतात, असा त्यांचा अंदाज बसला. पटांगण आणि पुढची गल्ली धरून एका पंगतीला तेवढीच पानं बसत. दर वर्षी मला कल्हई व्हायची, पण कल्हईवाल्याला दादू पोच्यावर हातोडी मारू देत नसत. नलिनीच्या लग्नात दोन पंगती उठल्या. लोकांनी आमटीचं कौतुक केलं. थोडं माझंही झालं.

१९८६ च्या गणपतीत नलिनीची धाकटी बहीण कुंदा भाषण करणार होती. विषय आफ्रिकेतल्या डोंगरी गोरिलांचा. आदल्या वर्षी ती बोलत असताना लोक उठून गेले होते. ह्या वेळी त्यांनी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. दादू मला चिंचेने घासत होते. तिथे बसून तिने आधी त्यांनाच ऐकवलं.

"चारशेसुद्धा उरले नाहीत, दादूमामा."

"चारशे? मगे काय कमी झाले गो? रांधूक बसलंय तर कंबर मोडात."

"अहो, एका रानातले नाहीत. अख्ख्या जगातले!"

दादूंचा हात आतून पोच्यापाशी थांबला. "म्हणजे सगळे ह्या एका आमटीत जेवतले?"

"हो."

"आणि दुसरी पंगत?"

"दुसरी पंगत नाही."

कुंदाने भाषणात तेच सांगितलं. नलूताईच्या लग्नातली पहिली पंगत डोळ्यांपुढे आणा, म्हणाली. जगात गोरिला तेवढेच. मागे कोणी ताटकळत उभं नाही. ह्या वेळी कोणी उठून गेलं नाही. मग मागून चाळीतला रतन ओरडला, "वाढप्यांची मजा आहे यार!" सगळे हसले. दादू हसले नाहीत. कुंदा खाली उतरली आणि त्यांच्याशेजारी येऊन बसली.

पुढे भाड्याची अ‍ॅल्युमिनियमची भांडी आली. मी जिन्याखाली गेलो. माझी कल्हई उडाली.

दादूंच्या तेराव्याला कुंदाने मला बाहेर काढायला लावलं, कल्हई करून घेतली. आमटी पोच्यापर्यंतच शिजवली. चाळीत एक पान कमी होतं, पण टोपात आमटी तेवढीच दिसत होती. एक पान कमी झालेलं टोपात दिसत नाही, मित्रांनो. आणखी एक झालं तरी दिसत नाही. म्हणून जे थोडे उरलेत, त्यांच्याकडे आधीच लक्ष ठेवा. आणि माझा पोचा ठोकून काढू नका.

दादू आचारी १९८८ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारले.