ज्याचा त्याचा राडारोडा

जयवंतरावांनी काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा उचलला आणि नाकाशी नेला. बोरिवलीतल्या त्या सोसायटीचे अध्यक्ष पदार्थविज्ञानाचा निकाल नाकाने लावत होते.

"वास नाही," त्यांनी जाहीर केले.

"येणार कसा, काका?" अपूर्वा म्हणाली. पुनर्बांधणीची अभियंता ती. पाडलेल्या इमारतीचाच राडारोडा दळून, धुऊन, चाळून नव्या भिंतींच्या काँक्रीटमध्ये थोड्या खडीऐवजी वापरावा, हा तिचा प्रस्ताव. तो आज फेटाळला गेला, तर राडारोड्याचे सारे डंपर खाडीकाठच्या तिवरांत रिकामे होणार होते.

"पण ह्यात सगळ्यांच्या घरांचं आहे ना गं?" चिटणीस सुगंधाताईंनी विचारले. "संडासांचं पण?"

"धुतलंय, ताई. टेस्टिंग झालंय."

"धुतल्याने काय होतं? आमचं देवघर टेकणार त्या भिंतीला."

आजवर साऱ्या इमारतीचे सांडपाणी एकाच पाइपातून खाली गेले. त्याने मात्र कुणाची श्रद्धा दुखावली नव्हती.

मग तोडगा निघाला. अशा सभांत तो निघतोच.

"असं कर ना," सुगंधाताई म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या घराचं वेगळं दळ. आमचं आमच्या भिंतीत. कुणाचं कुणात नको."

"कुणाचं म्हणजे?"

कोपऱ्यात बसलेल्या धोंडिराम साळव्यांकडे बघायचे सर्वांनी कसोशीने टाळले. साळवे निवृत्त बँक अधिकारी. इमारतीतले एकमेव बौद्ध घर त्यांचे.

"ढीग एकच आहे, ताई. वेगळं कसं करू?"

"मग खडीच बरी," जयवंतराव म्हणाले. "चला, हात वर करा."

पाच जणांची समिती. दोन तरुण सदस्य बाजूने, अध्यक्ष आणि चिटणीस विरोधात. उरले साळवे. अपूर्वा निर्धास्त झाली. हा प्रस्ताव मांडायचा आग्रह मुळात त्यांचाच होता.

साळव्यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, एकदा मिसळलं की हे पुन्हा सुटत नाही ना?"

"कधीच नाही, सर."

"मग माझं मत विरोधात धरा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आई माझी त्या घरात राहिली, तिथंच गेली. तिच्या भिंती ह्यांच्या भिंतींत नकोत."

जयवंतराव प्रसन्न हसले. ठोकळा त्यांनी अपूर्वाकडे सरकवला.

"बघितलंस? साळवेसाहेब शेवटी आपल्यातलेच."