डोरीनचा ट्रक

हार्लन गॅरेजमध्ये गुडघे टेकून ट्रकच्या इंजिनाला हेअर ड्रायरची ऊब देत होता, तेव्हा घराकडचं दार ढकलून डोरीन आत आली. जाड बूट तिने घातले होते, पण नाड्या तशाच लोंबत होत्या.

"हा ड्रायर लग्नात माझ्या आईनं दिलेला," ती म्हणाली. "माझ्या केसांपेक्षा ह्या ट्रकच्याच डोक्यावर जास्त फिरला."

"तुझे केस थंडीनं बंद पडत नाहीत," हार्लन म्हणाला. ड्रायर खाली ठेवून त्याने तिच्या नाड्या बांधल्या. तिने बांधू दिल्या. पूर्वीची डोरीन असती तर तिने पाय मागे ओढून घेतला असता.

ट्रक हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा. पण त्याला खेळणं म्हटलेलं दोघांनाही खपत नसे. त्याच्यात खरंखुरं इंजिन होतं. नायट्रो मिसळलेलं इंधन पिऊन ते असं किंचाळायचं, की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकायला लागत. हार्लन गावातल्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करून घरं गरम ठेवायचा, तेव्हा ट्रकची देखभाल त्याच्याकडे. चालवायची मात्र डोरीन. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर मुलांची ताटं वाढणारी ही बाई, गोठलेल्या तळ्यावर रिमोट हातात आला की कुणाला आटोपायची नाही. ब्रूस कांगस दर फेब्रुवारीत तिथे शर्यती भरवायचा. चालवणारे सगळे बाप्ये. डोरीन वळणावर त्यांच्या गाड्यांना खेटून, त्यांच्यावर बर्फाचा फवारा उडवून पुढे निघून जायची. हिला नवरा नव्हे, फुकटचा मेकॅनिकच हवा होता, असं ब्रूस चारचौघांत म्हणायचा, आणि हार्लनच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

बर्फात ट्रक जपायचा म्हणजे कामच असे. रिमोटचे इशारे पकडणारा रेडिओचा भाग तो रबरी फुग्यात घालून फुग्याचं तोंड घट्ट बांधायचा, म्हणजे पाणी शिरत नसे. हवेच्या जाळीवर कापडी टोपी चढवायचा. इंजिन फार गार पडू नये म्हणून त्याच्या माथ्याला चंदेरी कागद गुंडाळायचा, आणि कडाक्याच्या हवेत इंधन थोडं जास्त मिळावं म्हणून इंधनाच्या झडपेची सुई किंचित उघडायचा. घरी परतलं की आधी ट्रक पुसून, वाळवून, इंजिनात तेलाचे थेंब सोडायचे. मगच स्वतःचे ओले मोजे काढायचे.

जपण्याच्या नादात तो एक हिवाळा घालवून बसला. त्या वर्षी डोरीन सारखी मागे लागली होती. शर्यती येतील तेव्हा येतील, आपण दोघंच तळ्यावर जाऊ या म्हणायची. हार्लनकडे कारणं तयार असत. पारा फार उतरलाय, असल्या थंडीत प्लास्टिक काचेसारखं होतं, एक धक्का आणि चाकाचा दांडा गेला. शिवाय लोकांच्या भट्ट्या नेमक्या रविवारीच बंद पडायच्या. पुढच्या रविवारी नक्की, असं तो म्हणायचा. मग पुढच्या हिवाळ्यात नक्की. फेब्रुवारीत शर्यतीची वेळ आली तेव्हा तिने सर्दीचं निमित्त केलं, आणि त्याने ते खरं मानलं.

वसंतात तिच्या हातून कॉफीचा कप निसटला, आणि मग दुसराही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कंप केव्हापासून आहे? डोरीनने मांडीवरची पर्स सरळ केली आणि म्हणाली, मागच्या शरदापासून. शेजारी बसलेल्या हार्लनने मनातल्या मनात हिशेब केला. तळ्यावर चल म्हणत होती, तेव्हा तिला ठाऊक होतं.

यावर ते दोघं कधी बोलले नाहीत. पुढचा हिवाळा औषधांचा डोस बसवण्यातच गेला.

आज सकाळी मात्र तिने न्याहारी करताना सरळ सांगितलं, मला ट्रक चालवायचाय. तेवढ्यात फोन वाजला. मिसेस ओयाला यांची भट्टी विझली होती. हार्लनने त्यांना पलीकडच्या गावातल्या माणसाचा नंबर दिला आणि फोन ठेवला. डोरीनने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि पाव खात राहिली.

तळ्यावर भुरभुर बर्फ पडत होता. शर्यती आदल्या दिवशी संपल्या होत्या, ब्रूस एकटाच झेंडे उपटत होता. दोघांना पाहून त्याने हात केला, पण जवळ आला नाही. हार्लनने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन किंचाळलं. डोरीनने जाड हातमोजे काढून त्याच्या खिशात कोंबले आणि रिमोट घेतला.

सरळ पट्ट्यात ट्रक सुसाट गेला. पण हार्लनची नजर ट्रकवर नव्हती, त्याने मागे उमटलेल्या चाकोऱ्या पाहिल्या. पूर्वी ती सुरीने कापल्यासारखी रेघ ओढायची. आज ती रेघ सगळी थरथरत गेली होती. पहिलं वळण तिने कसंबसं काढलं. दुसऱ्या वळणावर ट्रक बर्फाच्या ढिगात घुसला.

हार्लन धावला. काही मोडलं नव्हतं. ट्रक सरळ करून, जाळीवरचा बर्फ झटकून तो परत आला, तेव्हा तिने रिमोट त्याच्यापुढे धरला.

"तू चालव."

"मला कुठे येतंय?"

"म्हणून तर. मला बघायचंय."

त्याने चालवला. ट्रक कधी स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा, कधी मध्येच थबकायचा. डोरीन शेजारी उभी राहून सांगत होती: वळायच्या आधी सोड, वळल्यावर दाब, अरे बाबा, भट्टीचा नळ पिळतोयस का? ती हसत होती. खूप दिवसांनी हार्लन तिला असं हसताना ऐकत होता. ट्रकवरची नजर न काढता तो म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंस, डोरीन."



"सांगितलं असतं तर तू आला असतास," ती म्हणाली. "पण आजारी बायकोला फिरवायला आला असतास. मला तू असाच, सहज यायला हवा होतास."

ट्रक दूरच्या वळणावर होता. टाकीतलं इंधन संपत आल्यामुळे इंजिनाचा आवाज एकाएकी उंच चढला आणि तुटला. तळ्यावर सामसूम झाली.

"मी आणू का रे तो?" ब्रूसने लांबून विचारलं. "पाणी गोठेल त्याच्यात."

हार्लनने मान हलवून नको म्हटलं. त्याने खिशातून डोरीनचे हातमोजे काढले, आपल्या जॅकेटच्या आत धरून थोडे गरम केले, आणि तिची बोटं एकेक करून आत घालू लागला. अंगठा आत जाईना. तो थांबला, थरथर जरा कमी होऊ दिली, मग पुन्हा घातला. तिकडे ट्रकच्या तापल्या माथ्यावर बर्फाचे कण पडत होते आणि वितळत होते. थोड्या वेळाने ते वितळेनासे झाले.